एका वायरीचा मिस्त्री

बेंबळीत गुंडप्पा मिस्त्री कुणाच्या घरी यायचा असला, की आधी त्याचा आवाज येतो, मग सायकल येते, आणि शिडी येतच नाही. शिडी तो ज्या घरी जाईल तिथंच मागतो. "आक्का, शिडी असंल की?" आक्काकडं शिडी नसते. मग दोन पोती, एक पाट आणि घरातला सगळ्यात दांडगा माणूस असा डोंगर रचून मिस्त्री वर चढतो आणि वरून बोलत राहतो. टेस्टर सापडला नाही (तो कानावरच असतो), की वायरीला उलट्या हाताचं बोट लावून बघतो, "हां, हाय," म्हणतो आणि पुढं चालू. एकदा एका घरात त्यानं दुरुस्त केलेला पंखा उलटा फिरायला लागला. खाली गलका झाला. गुंडप्पानं वर बघितलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, "फिरू द्या. वारा वर जाईल, माळवद गार व्हईल, मग तुमी आपोआप गार. इशय मिटला."

तर असा हा साठीला टेकलेला माणूस. पण त्याची थट्टा करणारेसुद्धा एका गोष्टीला हात लावत नसत. ती गोष्ट म्हणजे ज्ञानोबाचं लग्न.

गुंडप्पा तेव्हा तरणा होता. मांडव भरलेला, नवरदेव ज्ञानोबा घोड्यावर, आणि ऐन दिवेलागणीला सगळे बल्ब गेले. खांबावरून येणाऱ्या दोन वायरींतली एक तुटली होती. करंट घेऊन येणारी शाबूत, परत नेणारी तुटलेली. आता उजेड उद्याच, असं सगळे म्हणायला लागले. गुंडप्पानं मांडवामागं एक पहार ठोकली, तिच्या बुडाशी घागरभर पाणी ओतलं, बल्बांची दुसरी वायर त्या पहारीला गुंडाळली आणि ओरडला, "टाका बटन!" मांडव लखलखला. करंट वायरीतून आला आणि जमिनीतून परत गेला. बँडवाल्यांनी न सांगता वाजवायला सुरुवात केली. घोडा बुजला, नवरदेव पडता पडता राहिला. त्या दिवसापासून गुंडप्पाला 'एका वायरीचा मिस्त्री' हे नाव पडलं. नाव पडलं तशी मागणीही आली. "मिस्त्री, आमच्या गोठ्यात बी एका वायरीवर करून द्या की." मिस्त्री द्यायचा. पहारीऐवजी लोखंडी अँगल ठोकायचा, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा तीन वेढे देऊन आवळून बांधायचा आणि घरातल्या बाईला सांगायचा, "आक्का, इथं रोज तांब्याभर पानी घालत जा. जमीन वाळली की बल्ब मिणमिणतो." गावात असे किती अँगल ठोकले ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

आणि या माणसाच्या पोटी शिवप्रिया.

शिवप्रियानं धाराशिवला विजेचा डिप्लोमा केला, सुपरवायझरचा परवाना काढला आणि एका ठेकेदाराकडं कामाला लागली. येरमाळ्याकडच्या हायवेवर हॉटेलांसमोर जी इलेक्ट्रिक गाड्यांची चार्जिंगची खोकी उभी राहायला लागली होती, त्यांतली काही तिच्या देखरेखीखाली बसलेली. घरात दोघं जेवायला बसली की तोंडी लावायला भांडण असायचंच. ती शुद्ध बोलायची, कारण नियम शुद्ध भाषेत असतात. तो तिची नक्कल करायचा.

"आप्पा, उलट्या हातानं वायर तपासणं ही काय पद्धत आहे?"

"ही काय पद्धत आहे!" गुंडप्पा नाक वर करून तिच्याच आवाजात म्हणायचा. मग आपल्या आवाजात, "सुलट्या हातानं लावली तर चिकटतो, बाई. मनून उलटा."

त्याची बायको सिताबाई दोघांच्या मध्ये आमटीचं पातेलं ठेवायची. ते तेवढं ओलांडून कुणी बोलत नसे.

येळवशीचा सण झाला, थंडीनं जोर धरला आणि युवराजनं नवी गाडी आणली. युवराज म्हणजे बानूबाईचा पोरगा. बानूबाईची मेंढरं अख्ख्या गावाला माहीत, आणि दावणीला दोन म्हशीही. युवराज गावातलं दूध गोळा करून धाराशिवला पोचवायचा. आता त्यासाठी इलेक्ट्रिक लोडिंग रिक्षा. रिक्षा गोठ्याच्या पत्र्याखाली लागली. बानूबाईनं तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"हिला वैरण काय?"

"लाईट, आई."

"आन् शेण?"

"शेण कसलं? काहीच न्हाय. धूर बी न्हाय."

"मग आपल्या काय कामाची?" म्हणून बानूबाई मेंढरांकडं गेली.

चार्जिंगचा पॉइंट बसवायला गुंडप्पालाच बोलावणं. आदल्या संध्याकाळी जेवताना त्यानं हे जरा छाती काढूनच सांगितलं. शिवप्रियाचा घास हातातच थांबला.

"आप्पा, नीट ऐका. गाडीच्या चार्जिंगला बोर्डापासून स्वतःची वेगळी लाईन. त्या लाईनवर दुसरं काही नाही, साधा बल्बसुद्धा नाही. तिला स्वतःचा ट्रिपर, तीस मिलिअँपियरचा. जरा करंट गळाला की पडणारा. अर्थिंग पक्कं. सॉकेट कमरेच्या उंचीला, पावसापासून झाकलेलं. गाडी सॉकेटपासून पाच मीटरच्या आत. आणि एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नाही."

"आन् रिक्षाला ओवाळायचं किती येळा?"

"आप्पा!"

"न्हाय, नियमात असंल तर सांग. आरती, तबक..."

सिताबाईनं पातेलं मध्ये ठेवलं.

पण गुंडप्पा पोरीची नक्कल करत असला तरी ऐकतही होता. दुसऱ्या दिवशी त्यानं खरंच सगळं नीट केलं. अर्थिंगसाठी खड्डा खणून घेतला, कोळसा-मीठ भरून पाइप पुरला. कमरेएवढ्या उंचीवर झाकणाचं सॉकेट बसवलं. गाडी कुठं लावायची तिथं चुन्यानं रेघ मारली. युवराजनं एक्स्टेंशन बोर्ड दाखवला तर असा खेकसला, की युवराजनं तो लपवून ठेवला. नवा ट्रिपर घरातल्या बोर्डावर बसला.

एकच नियम तेवढा वाकवला. वेगळी लाईन ओढली नाही. घरापासून गोठ्यापर्यंत त्याच्याच हातची जुनी वायर गेलेली होती. तिच्यावरच गाडी घेतली. "माझ्या हातची वायर हाय," तो युवराजला म्हणाला. "हिला टाकून दुसरी ओढायची म्हंजी घरच्या म्हाताऱ्याला अंगणात निजवल्यागत." गोठ्यात एकच वायर पोचते आहे हे त्याला दिसलं. गाडीला परतीची वायर लागणार, म्हणून ती त्यानं नवी टाकली. पण मग इतकी वर्षं गोठ्यातला बल्ब कशाच्या जिवावर जळतोय, हा प्रश्न काही त्याच्या मनात आला नाही. बेंबळीतल्या गोठ्यात एकच वायर असणं ही दखल घेण्यासारखी गोष्ट नव्हतीच. बाजेला चार पाय असतात, गोठ्याला एक वायर असते.

गोठ्याच्या कोपऱ्यात, वैरणीच्या गंजीला लागून, शेंदूर फासलेला एक धोंडा होता. हळद-कुंकू, सुकलेली फुलं, एक लिंबू. बानूबाईचं दैवत. गुंडप्पा कामाला लागताना चप्पल काढून त्याच्या पाया पडला होता.

ज्ञानोबा शेजारच्या कट्ट्यावर बसून सगळं बघत होता. "मिस्त्री, गाडीच चार्ज करायलाव न्हवं? चुकून म्हशीला पिन लावसाल."

"तुला लावू का? लग्नाच्या दिवसापासून उतरलेला हायस."

नारळ फुटला, सॉकेटमध्ये पिन गेली, रिक्षाच्या चार्जरवर हिरवा दिवा लागला. युवराजनं फोटो काढला. गुंडप्पानं हात झटकले.

संध्याकाळी बानूबाई चरवी घेऊन धारेला आली. धोंड्यावर तांब्याभर पाणी घातलं, हात जोडले आणि बल्बाचं बटन दाबलं.

टक्.

बल्ब गेला. हिरवा दिवाही गेला. "अगं बया," बानूबाई अंधारात म्हणाली. युवराजनं घरात जाऊन ट्रिपर वर केला. टक्. परत वर. टक्. बल्ब बंद ठेवला तर गाडी चार्ज होते, बल्ब लावला की दोन्ही बंद.

"आई, बल्ब लावू नको."

"न्हाय कसा लावू? कालच मेंढी व्यालीया. कोकरं गारठून मरत्याल की."

गोठ्यातला बल्ब उजेडासाठी नव्हताच मुळी. तो जुना पिवळा, मोठा, तापणारा बल्ब होता, आणि थंडीत त्याच्याखाली कोकरांचा ढीग पडलेला असायचा. बानूबाईनं पोराकडं बघितलं. "तुझ्या गाडीला शेण न्हाय, शिंगं न्हाईत. माझ्या कोकराला ऊब पायजे. कुनाला जगवायचं, सांग?"

त्या संध्याकाळी कोकरं जिंकली. बानूबाईनं गाडीची पिन उपटून टाकली, ट्रिपरच्या जागी युवराजनं बोर्डात कसाबसा तारेचा तुकडा अडकवून बल्ब लावला, आणि सकाळी दुधाचे कॅन ज्ञानोबाच्या मोटारसायकलला लटकून धाराशिवला गेले. ज्ञानोबा वाटेत भेटेल त्याला सांगत होता, "गाडी लई भारी हाय. निसती बघायची."

युवराजनं शोरूमला फोन लावला. तिकडून पोपटासारखं उत्तर आलं, "सर, बेसिकली आपली गाडी ओके आहे, सर. आपल्या सप्लायचा इश्यू आहे, सर." मग त्यानं गुंडप्पाला फोन लावला. आणि मग, जरा चाचरत, शिवप्रियालाही.

गुंडप्पा सकाळपासून झटत होता. युवराजचा तारेचा तुकडा काढून त्यानं ट्रिपर परत जोडला. बल्ब बदलला. टक्. होल्डर बदलला. टक्. ट्रिपरच बदलून दुसरा आणला. टक्. कट्ट्यावर आता ज्ञानोबासोबत आणखी माणसं बसली होती आणि प्रत्येकाकडं एक निदान होतं. कुणी म्हणालं माल डुप्लिकेट. कुणी म्हणालं म्हैस अपशकुनी. एकानं तर गाडीचं तोंड दक्षिणेला आहे असं शोधून काढलं. मग ज्ञानोबा म्हणाला, "एका वायरीवर लगीन लावनारा मिस्त्री दोन वायरीवर गाडी लावीना व्हय!"

हसू पिकलं. गुंडप्पा हसला नाही.

तोंडातल्या तोंडात तो म्हणत होता, डायरेक्ट करून टाकू. ट्रिपर बाजूला, वायरीला वायर. रात्रंदिवस चालंल. कुणाला कळनार हाय? गावातल्या पडणाऱ्या प्रत्येक ट्रिपरचं औषध हेच होतं. बाहेर बसलेली माणसं तेवढ्याचीच वाट बघत होती. बल्ब लागला, हिरवा दिवा लागला, की नाव शाबूत. नाही लागला, तर उद्यापासून धाराशिवचा कुणीतरी पोरगा मोटारसायकलवर येणार आणि गुंडप्पाला पंखे पुसायलासुद्धा कुणी बोलावणार नाही. त्यानं वायरीचा तुकडा घेतला आणि दातानं दोन्ही टोकं सोलली.

तेवढ्यात दारात शिवप्रियाची स्कूटी थांबली.

तिनं बापाच्या हातातला तुकडा बघितला, तोंडातलं प्लास्टिक बघितलं. गुंडप्पानं प्लास्टिक थुंकलं.

"तुला कुनी बोलिवलं?"

"मी बोलिवलं, मामा," युवराज म्हणाला. "मनलं दोघं मिळून..."

"दोघं मिळून! म्हंजी माझं एकट्याचं भागंना."

"आप्पा, डायरेक्ट नका करू."

"सारखं पडायलंय ते!"

"पडतंय म्हणजे काहीतरी सांगतंय."

"यंत्र हाय ते, सासू न्हाय. रुसलं मनून जवळ बसून इचारायला!"

कट्ट्यावर परत हसू. या वेळी मिस्त्रीच्या बाजूनं. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं, कारण पोरगी लाल झाली होती.

बानूबाई दाराशी कोकरू काखेत धरून उभी होती. "आगं पोरी, पर ते करतं तरी काय? निसतं पडायचीच नोकरी हाय का त्याला?"

शिवप्रिया तिच्याकडं वळली. "मावशी, एका वायरीनं करंट जातो, दुसरीनं परत येतो. हे दोन्हीकडं बघत बसतं. गेला तेवढाच परत आला तर गप्प. जरा जरी कमी आला, की लगेच बंद. कारण जो कमी आला तो कुठंतरी दुसरीकडून चाललाय. पत्र्यातून, पाण्यातून, नाहीतर माणसातून."

"म्हंजी मेंढरं मोजल्यागत की!" बानूबाई म्हणाली. "सकाळी वाडग्यातनं सोडायची तवा मोजायची, सांजंला आत घ्यायची तवा मोजायची."

"अगदी तसंच, मावशी."

"मग मेंढरू चुकलंय की तुमचं." बानूबाई गुंडप्पाकडं वळली. "ते हुडकायचं सोडून मोजनाराच काढून टाकायलाव व्हय, मिस्त्री? गेलं कुठं ते?"

कट्ट्यावर कुणी हसलं नाही. गुंडप्पाच्या हातात सोललेला तुकडा तसाच होता. तो त्यानं खिशात कोंबला, मेन बंद केला आणि गोठ्यात शिरला.

बल्बापासून त्यानं बोटानं वायर धरली. होल्डरमधून दोन वायरी निघत होत्या. एक बटनाकडं, म्हणजे करंट आणणारी. ती ठीक. दुसरी आडव्या वाशावरून वैरणीच्या गंजीमागं गेली होती. गुंडप्पानं पेंढ्या बाजूला सारल्या. वायर भिंतीवरून खाली उतरत होती. खाली, अजून खाली, आणि शेंदूर फासलेल्या धोंड्यामागं जमिनीत. तो गुडघ्यावर बसला. धोंडा जरासा कलता केला. मागं गंजलेल्या लोखंडाचं टोक होतं. त्यावर वायर गुंडाळलेली, आणि वायरीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, तीन वेढे देऊन आवळलेला.

तीन वेढे दुसरं कुणी देत नाही.

"काय सापडलं, मामा?" युवराजनं बाहेरून विचारलं.

'उंदरानं वायर खाल्ली,' हे वाक्य गुंडप्पाच्या जिभेवर तयार होतं. वायर कापायची, नवी जोडायची, धोंडा जागेवर सरकवायचा. इशय मिटला असता. उंदीर काही येऊन नाकारणार नव्हता.

"मिस्त्री, देवाला हात लावू नका!" बानूबाई आत आली. "लई कडक हाय ते. म्हशी बी त्या कोपऱ्यात बसत न्हाईत. एक दावं तोडून गेली, पर तिथं उभी ऱ्हायली न्हाय."

"कवापासून, आक्का?"

"कवापासून म्हंजी? तुमी बल्ब लावून दिला न्हवं, तवापासून. तुमीच मनले, इथं रोज तांब्याभर पानी घाला. म्या मनलं, मिस्त्री येडा न्हाय. पानी घालाय सांगतोय म्हंजी जागा जागृत असनार. मग धोंडा बसिवला, कुनाचा पाय पडू ने मनून." तिनं आवाज खाली आणला. "खोटं वाटंल तुमाला. पर पानी घालताना कधी कधी हाताला मुंग्या येत्यात. पार कोपरापतोर. लई सत्त्व हाय."

गुंडप्पानं तिच्या हाताकडं बघितलं. ओला तांब्याचा तांब्या, पायात चप्पल नाही, खाली शेणामुतानं भिजलेली जमीन. रोज संध्याकाळी.

तो उठला नाही. तिथंच बसून, धोंड्यावर हात ठेवून म्हणाला, "आक्का, हा देव न्हाय. माझा अँगल हाय."

"काय?"

"म्या ठोकलेला. बल्बाचा करंट ह्याच्यातनं जमिनीत जातोय. मुंग्या त्याच्या हायत. म्हशीला बी त्याच येत असत्याल. तिचं अंग आपल्यापरीस नाजूक, तिला आधी कळलं." घसा साफ करून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ट्रिपर बरोबर हाय. गाडी बरोबर हाय. चुकलेलं मेंढरू म्याच सोडलंय."

कट्ट्यावर ज्ञानोबा फुटला. "अरं देवा! मिस्त्री, काल चप्पल काढून पाया पडलाव की तुमी! आपल्याच अँगलाच्या!" माणसं मांड्या थापटायला लागली. गुंडप्पानं मान हलवली. पडलो हुतो, खरं हाय.

बानूबाई मात्र हसली नाही. ती धोंड्याकडं बघत उभी होती. "म्हंजी इतकी वरसं," ती सावकाश म्हणाली, "वल्या हातानं मी रोज त्याला पानी घालत हुते. आन् तुमी सांगितल्यालं."

"व्हय, आक्का."

"एखांद्या दिशी माझं बरंवाईट झालं असतं तर हितली मानसं मनली असती, देव कोपला."

गुंडप्पानं युवराजकडून टिकाव घेतला आणि कोपरा उकरायला लागला. पाण्यानं पोसलेली जमीन लोण्यासारखी होती. अँगल मुळ्यासारखा उपटून आला, खालून गंजून झिजून पार काडी झालेला. त्यानं तो सायकलीला बांधला आणि धोंडा उचलून बाहेर ठेवायला लागला, तशी बानूबाई पुढं झाली.

"लोखंड तुमचं, ते न्या. धोंडा माझा हाय." तिनं धोंडा पदरानं पुसला आणि उन्हात, तुळशीशेजारी नेऊन ठेवला. "ह्यानं काय केलंय? बिचारा वर बसून हुता निस्ता."

मग बापलेकीनं दिवसभर काम केलं. गाडीला बोर्डापासून वेगळी लाईन, वेगळा ट्रिपर. गोठ्याच्या बल्बाला जायला एक आणि यायला एक अशा दोन वायरी, आणि त्यालाही ट्रिपर. गुंडप्पा वर चढला की शिवप्रिया पोती धरायची, शिवप्रिया बोर्डाशी असली की तो टेस्टर द्यायचा. फार बोलणं झालं नाही. एकदाच, पक्कड देताना ती म्हणाली, "आप्पा, एक सांगू? तुम्ही पहिल्या दिवशीच वेगळी लाईन ओढली असती, तर ट्रिपर पडलाच नसता. गाडी चालली असती, आणि अँगल तिथंच राहिला असता."

गुंडप्पानं हात थांबवला. "म्हंजी नियम मोडला ते बरं झालं?"

"तसं नाही म्हणाले मी."

"मनलीस. आत्ताच मनलीस."

"चूक ती चूकच, आप्पा. फक्त... बरं, पक्कड घ्या."

संध्याकाळी बानूबाईनं बल्बाचं बटन दाबलं. बल्ब लागला, हिरवा दिवा गेला नाही. कोकरं पिवळ्या उजेडाखाली एकमेकांच्या अंगावर पडली. थोड्या वेळानं एक म्हैस उठली, त्या रिकाम्या कोपऱ्यात गेली, जमीन हुंगली आणि तिथंच बसली. बानूबाईनं धार काढता काढता ते बघितलं आणि चरवीकडं बघत राहिली.

घरी जेवताना शिवप्रियानं विचारलं, "असे आणखी कुठं कुठं आहेत?" गुंडप्पा भाकरी मोडत राहिला. सिताबाईनं या वेळी पातेलं मध्ये ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुणी न बोलावता तो निघाला. सायकलीच्या कॅरियरला वायरीचं भेंडोळं. आणि गावानं जे ऐकवलं ते ऐकवलंच.

"आमचा लई ब्येस चालतोय, मिस्त्री. तेवढा ठिवा."

"रोज पानी घालतो की आमी! कमी पडतंय का?"

"देऊळ काडायला आलाव व्हय? आमच्यात देऊळ न्हाय, बाबा, निस्ता अँगल हाय."

एका घरी म्हातारा कपाळाला हात लावून म्हणाला, "त्या वायरीमुळं तर तुला मिस्त्री मनत्यात, गुंडप्पा. तीच काडायलास?" दुसऱ्या घरी तो दारात असतानाच आतली बाई शेजारणीला म्हणाली, "धंदा बसला वाटतं बिचाऱ्याचा. आपल्याच वायरी आपून काडत फिरायलाय." ते त्याला लागलं. दोन घरं त्यानं तसाच ओलांडून जायचा विचार केला, पुढं गेला, आणि परत फिरला. कुठं जमलं, कुठं दार लागलं. असा फिरत फिरत ज्ञानोबाच्या वाड्यावर पोचला.

ज्ञानोबा बाजेवर चहा पीत होता. "या, देवबाप्पा! कुनाच्या पाया पडून आलाव?"

"अँगल काडायचाय तुझा."

"सोडा हो! त्याच एका वायरीवर माझं लगीन लागलं. बंद पडलं का?"

"लगीन कशाला बंद पडंल," त्याची बायको आतून म्हणाली. "नवरा पडला बंद."

"चहा आन त्यास्नी, जास्ती बोलू नको. आन् मिस्त्री, आमच्या अँगलाला कुनी पूजत न्हाय. शेळी बांधतो आमी त्याला, शेळी! तीन वरसं झाली, मेली का?"

गुंडप्पा परसात गेला. अँगल होता. त्याला दाव्यानं शेळी बांधलेली होती. दावं लांब होतं, आणि शेळी त्याच्या पार शेवटच्या टोकाला, गळ्याला ताण बसेल इतकी लांब उभी होती. तिच्या पायाखालची जमीन तासलेली. काडीसुद्धा उरली नव्हती. आणि अँगलाभोवती, रोजच्या पाण्यावर, हातभर उंच हिरवंगार गवत डुलत होतं. त्याला तोंड लागलेलं नव्हतं.

गुंडप्पानं ज्ञानोबाला हाक मारली. ज्ञानोबा कपबशी घेऊनच आला.

"ज्ञानोबा, तुझी शेळी गवत का खाईना रे?"

ज्ञानोबानं शेळीकडं बघितलं. मग गवताकडं बघितलं. मग परत शेळीकडं. त्याच्या तोंडावर काहीतरी थट्टेचं येऊ घातलं होतं, ते आलं नाही. कपबशी त्यानं ओट्यावर ठेवली.

"पोरं बी खेळत्यात हितंच," तो म्हणाला.

गुंडप्पानं आधी दाव्याची गाठ सोडली. शेळी सुटली तशी गवताकडं न जाता थेट घरात पळाली.

"आगं ए!" ज्ञानोबा बायकोला ओरडला. "शेळीला धर, आन् टीव्ही बंद कर. मेन स्विच काडायलोय."